मी मृत ठरवलेलं पॅकेज

लोकांनी हौसेनं लिहून फुकट वाटलेली छोटी-छोटी सॉफ्टवेअर पॅकेजेस जिथे एकत्र ठेवलेली असतात, अशा एका भांडाराचा मी स्वयंसेवक झालो. कारण साधं होतं, ऑफिसात माझं कोणी ऐकत नसे. इथे मात्र अधिकार मिळाला. पॅकेज तपासायचं आणि शिक्का मारायचा: चालू, मोडकं किंवा मृत. नोकरीसाठी तमिळ मुलखात आलो होतो; तिथल्या वेलचेरीच्या फ्लॅटच्या बाल्कनीत लॅपटॉप घेऊन बसलो की मला न्यायाधीश झाल्यासारखं वाटे. दोन वर्षांत ज्यात काही बदल नाही ते मृत, हा नियमही माझाच. बाकीच्यांनी हरकत घेतली नाही. बहुधा कोणी तो वाचलाच नव्हता.

एका शनिवारी मी आकडे अक्षरांत लिहून देणारं एक पॅकेज मृत ठरवलं. आकडा दिला की ते तो तमिळमध्ये आणि मराठीत शब्दांत लिहून देई. वर शेरा मारला, 'लेखकाने वाऱ्यावर सोडलेले दिसते.' संध्याकाळी उत्तर आलं, तेही मराठीत: 'मी जिवंत आहे. मैलापूरला राहते. येऊन पाहून जा.'

मैलापूर आमच्याच शहरात, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. बायकोला सांगितलं, माफी मागायला जातोय. खरं तर मला माझा नियम समजावून सांगायचा होता.

दार उघडलं ते गणिताच्या एका निवृत्त शिक्षिकेनं. घराणं तंजावरचं मराठी. आतून त्यांच्या यजमानांनी तमिळमध्ये विचारलं, "कोण आलंय?"

"मला मारलं, तो," बाईंनीही तमिळमध्येच सांगितलं. एवढं तमिळ मला कळत होतं. मग माझ्याकडे वळून मराठीत, "या, बसा. कापी घेतां ना?"

शाळेच्या गुणपत्रिकेवर गुण अक्षरांतही लिहावे लागत, म्हणून त्यांनी ते पॅकेज लिहिलं होतं. मी घसा साफ करून नियम सांगितला.

"पण बदलूं काय?" त्या म्हणाल्या. "पंचेचाळीसच्या पुढें अजून सेहेचाळीसच येतं ना?"

"तसं नाही, पण चुका वगैरे..."

"होत्या. सगळ्या काढल्या. म्हणून तर थांबलें."

कॉफी गरम होती, तिच्यावर फुंकर घालण्यात थोडा वेळ काढला. निघताना उरलीसुरली अब्रू वाचवायला म्हणालो, "मराठी आकडे मी एकदा तपासून देतो. मी कोल्हापूरचा आहे." जणू आकड्यांचा शोध कोल्हापुरात लागला होता.

"द्या की," त्या म्हणाल्या.

घरी येऊन मी स्वयंसेवकांच्या गटात चौथा शिक्का सुचवला: पूर्ण. सॉफ्टवेअर कधी पूर्ण होतं का, यावर आठवडाभर भांडण चाललं. मी बाईंची वाक्यं स्वतःची म्हणून ठोकून दिली आणि जिंकलो.

त्या भरात आकडे तपासायला बसलो आणि चूक सापडली! सेव्हंटी-नाइनसमोर 'एकोणऐंशी' लिहिलं होतं. माझ्या इंग्रजी शाळेतल्या बुद्धीला वाटलं, सेव्हंटी आहे तर सत्तर हवं. 'एकोणसत्तर' असा बदल करून नम्र चिठ्ठीसह पाठवला.

बाईंचा थेट फोन आला. "सत्तरांत एक उणा म्हणजे किती?"

मी बोटांवर मोजलं. "अडुसष्टच्या पुढचा..." म्हणता म्हणता ऐंशीतूनही एक वजा करून पाहिला.

"तुमचा बदल मी घेत नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही मात्र रविवारी जेवायला या. बायकोला आणा."

बायको मोठ्या आनंदानं आली. पुरणपोळी वाढता वाढता बाईंनी मला पन्नासपासून पुढे म्हणायला लावलं. बायको हसू दाबत ऐकत होती. अठ्ठावन्नपर्यंत मी बरा गेलो. पुढे अडखळलो, तेव्हा पुढचा आकडा सांगून यजमान माझ्या मदतीला आले. तमिळमध्ये.