खिळ्यासकट गिरवलेला ‘क’

गेल्या पावसाळ्यानंतर, एका सोमवारी, पालघरच्या एका डिझायनरने जुन्या पाट्यांच्या धाटणीचा ब्रश फॉन्ट इंटरनेटवर फुकट ठेवला. आठवडाभरात बोईसरमधल्या वाढदिवसांच्या फ्लेक्सवर तो दिसू लागला. त्यातल्या प्रत्येक ‘क’च्या पोटाला टेंगूळ होतं.

ते टेंगूळ माझ्या ओळखीचं. बोईसरजवळच्या कुंभवलीचे माझे मामा आयुष्यभर पाट्या रंगवत आले. तारापूर रस्त्यावरच्या एका किराणा दुकानाची पत्र्याची पाटी रंगवताना ‘क’च्या खाली खिळ्याचं डोकं आलं आणि ब्रश अडखळला. दुकानदाराला घाई होती. अक्षर तसंच राहिलं. डिझायनरने फोटोवरून अक्षरं गिरवली, तेव्हा खिळाही गिरवला. याला तो तीन वर्षांचं संशोधन म्हणतो. संशोधनाची साधनं : मोटरसायकल आणि मोबाइल.

मामांना घेऊन मी त्याच्या ऑफिसात गेलो. भिंतीवर त्याच पाटीचा मोठा फोटो होता. पेंटर पाटीच्या खालच्या कोपऱ्यात आपलं नाव टाकतात. फोटोत नेमका तेवढा कोपरा कापलेला होता. फॉन्टच्या इंटरनेटवरच्या पानावर लिहिलं होतं, ‘रस्त्यावरच्या निनावी अक्षरांना मानवंदना’.

“काका, हा स्ट्रोक बघा,” टेंगळावर बोट ठेवून तो म्हणाला. “हाताची थरथर! मशीनला हे जमत नाही. मुद्दाम ठेवलंय.”

“थरथर कुनाची? खिळा हाय तो,” मामा म्हणाले. “मानवंदना खिळ्याला दिलीस तू.”

तो मोठ्याने हसला. मग फॉन्ट सगळ्यांना फुकट आहे, हे त्याने दोनदा सांगितलं.

“फुकटच ठेव रे बाबा. पन माजं नाव टाक. ती पाटी भंगारात गेली. आता नाव कुटं हाय माजं?”

“नक्की, काका! नुसतं नाव कशाला, फोटोही टाकू.”

मामांनी कागदावर ब्रशने नाव लिहून दिलं. दुसऱ्या दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालून फोटोला गेले. डिझायनर म्हणाला, “काका, रंगाचे डाग पडलेला एखादा नाही का?” मामा घरी जाऊन तो घालून आले.

शनिवारी फोटो पानावर आला. खाली ओळ आहे, ‘बोईसरकडचा एक पेंटर’. मामांनी दोनदा फोन केला. डिझायनरने तो उचलला नाही. हे लिहीपर्यंत ओळ बदललेली नाही.