थंडीत कुठे दुखतं

तीन वर्षं माझी ड्यूटी एका मिलिटरी हॉस्पिटलात एमआरआयच्या दाराबाहेर होती. रँक कॅप्टन, नर्सिंग सेवा. सकाळी ०७३० ला फॉर्म घेऊन बसायचे. प्रत्येक जवानाला विचारायचे, अंगात धातू आहे का, स्फोटातला स्प्लिंटर, स्क्रू? मशीनचं चुंबक लोखंड ओढतं. जुना तुकडा हलला तर शेजारची रक्तवाहिनी फाटू शकते. तरी बहुतेक जण "नहीं, मैडम" म्हणत. मेडिकल कॅटेगरी खाली जाईल, बढती अडेल, ही भीती. म्हणून मी प्रश्न बदलला. थंडीत कुठे दुखतं? याचं उत्तर ते खरं देत.

एका डिसेंबरात दहा दिवसांच्या रजेवर छत्तीसगडात, भिलाईजवळच्या चरोद्याला घरी आले. शेजारी वानखेडे काका, फौजेतले रिटायर्ड हवालदार, नंतर रेल्वेत. चौथ्या दिवशी सकाळी ०६१० ला काकूंनी दार वाजवलं. काका जागे झाले तेव्हा उजवा हात लुळा होता आणि बोलणं बंद.

०६५५ ला आम्ही भिलाईच्या एका हॉस्पिटलात होतो. सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव नव्हता. पण पक्षाघाताचा झटका झोपेत किती वाजता आला, कोणालाच माहीत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, एमआरआय करू. मेंदूचा किती भाग वाचू शकतो आणि कोणती रक्तवाहिनी बंद आहे, दोन्ही दिसेल.

टेक्निशियनने काकूंना धातूचं विचारलं. त्या नाही म्हणाल्या. सही झाली. स्ट्रेचर दारापाशी गेलं. मी कमी बोलते, परक्या हॉस्पिटलात तर नाहीच. तरी काकूंना हळूच विचारलं, "थंडीत काकांचं कुठं दुखते?"

"उजवी मांडी. हर डिसेंबरात मोहरीचं तेल चोळून राहिली मी. फौजेत गाडीवरून पडले होते ना. कावून? काय झालं?"

"स्ट्रेचर थांबवा," मी म्हणाले.

"मैडम, टाइम नहीं है," टेक्निशियन म्हणाला.

ते खरंच होतं. तरी मी स्ट्रेचरचा दांडा धरून ठेवला.

एक्स-रेला सहा मिनिटं गेली. मांडीत धातूचे दोन तुकडे, वाटाण्याएवढे. गाडीवरून पडून असे तुकडे आत राहत नाहीत, ते स्फोटातून येतात. काकू फिल्मकडे बघत राहिल्या.

तुकडे मोठ्या रक्तवाहिनीपासून लांब होते. डॉक्टरांनी ठरवलं, स्कॅन करायचा, पण कोणीतरी आत थांबेल आणि दुखलं की स्कॅन थांबवून लगेच बाहेर. घड्याळ, कानातले काढून मी आत गेले. काकांचा डावा हात धरला.

"हवालदार साहेब, हो म्हणायचं तर एकदा दाबा. दुखलं तर दोनदा. समजलं?"

एकदा.

मशीन ठोकत राहिलं. त्यांनी पुन्हा हात दाबला नाही. चित्रात मेंदूच्या डाव्या बाजूची मोठी रक्तवाहिनी मध्येच संपत होती, रेल्वे यार्डातल्या डेड एंडच्या लाइनसारखी. पलीकडचा बराच भाग अजून वाचण्याजोगा होता. ०८२० ला जांघेतून तार नेऊन गुठळी काढायला सुरुवात झाली.

हात परत आला. शब्द एकेक करून आले. पाणी, चहा, काकूंचं नाव.

पुढच्या डिसेंबरात मी सेवा संपवून घरी परतले होते. काकू मांडीला तेल चोळत होत्या, मी बाजूला बसले होते. काका म्हणाले, "बलराम."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. या नावाचं त्यांच्या घरात कोणी नव्हतं.

मी काकांचा हात हातात घेतला. "फौजेत तुमच्या सेक्शनचा?"

एकदा.

"त्याच स्फोटात गेला?"

एकदा.

काकूंचा हात मांडीवर थांबला होता. मग काकांनी आपणहून माझा हात दाबला. दोनदा.