बोटीच्या काकू

नोव्हाय गावात नवं मराठी कुटुंब राहायला आलं, की पहिल्याच उन्हाळ्यात काकू त्यांना आपल्या लांबलचक जुन्या गाडीत बसवून अडीच तासांवरच्या एका पार्कात घेऊन जायच्या. तिथले उंच रोलर कोस्टर, घसरगुंड्या यांच्याकडे त्या ढुंकूनही बघायच्या नाहीत. पाहुण्यांना घेऊन थेट मागच्या कोपऱ्यातल्या बोट राइडच्या रांगेत उभ्या राहायच्या. अंधाऱ्या इमारतीतून वाहणारा कालवा, त्यात संथ सरकणाऱ्या बोटी आणि दोन्ही काठांवर देशोदेशीच्या हलत्या बाहुल्या, असा तो जुन्या काळचा प्रकार होता. इजिप्तचे उंट मागे पडले, की काकू हात वर करायच्या. म्हणजे सगळ्यांनी गप्प बसायचं. मग वळणावर एक विहीर दिसायची. विहिरीपाशी कळशी घेतलेली एक बाहुली मान वळवायची आणि चक्क मराठीत म्हणायची, “या, या. उन्हातून आलात ना? आधी पाणी घ्या. मग बोलू.”

तो आवाज काकूंचा होता. बाहुली बोलत असताना काकू तिच्याकडे बघत नसत, नव्या माणसांच्या तोंडाकडे बघत. कुणी हसायचं, कुणी डोळे पुसायचं. बोट पुढे गेली, की त्या समाधानाने म्हणायच्या, “चार बोटी मागे बसलात तरी ऐकू येतो हो. माइकवाल्याने तेव्हाच सांगितलं होतं, बाई, जरा हळू बोला.” मराठी मंडळात त्यांचं नावच बोटीच्या काकू पडलं होतं.

त्या रेकॉर्डिंगची गोष्ट त्या फार रंगवून सांगत. काका तेव्हा पार्कच्या भागातल्या हॉस्पिटलात एकटे भारतीय डॉक्टर. पार्कवाल्यांना भारतीय बाईचा आवाज हवा होता, त्यांनी काकांना विचारलं, काकांनी बायकोचं नाव सांगितलं. “मी म्हटलं, आमच्याकडे भाषा पुष्कळ आहेत, कुठली बोलू? तो म्हणाला, तुम्ही तुमच्या आईशी बोलता ती. आता मिरजेत मी आईशी काय हिंदी बोलत होते?” हातात दिलेल्या कागदावर इंग्रजीत ‘प्रवाशांनो, स्वागत’ एवढंच लिहिलं होतं. “स्वागत असं का कुणी घरी म्हणतं? मी आपलं म्हणते ते म्हटलं.”

मी नागपूरहून आलो तेव्हा आमचं अपार्टमेंट तयार नव्हतं. कुणाच्या तरी ओळखीने मी आणि माझी बायको स्वाती काकूंच्या बेसमेंटमध्ये अकरा दिवस राहिलो. काका आधीच गेले होते, मुलगी नीता अ‍ॅरिझोनात. काकू टाउनशिपच्या लायब्ररीतून रिटायर झाल्या होत्या. सकाळी उठून वर गेलो, की तूप-साखर लावून गुंडाळलेली पोळी हातात यायची आणि पाठोपाठ हुकूम, “उभ्याने खा, ऑफिसला उशीर करू नकोस.” त्यानंतर कितीही वर्षं गेली, तरी ‘काकू, येऊ का?’ असा फोन केला की त्या म्हणायच्या, “विचारतोस काय, निघ.” पहिल्या उन्हाळ्यात त्यांनी आम्हालाही बोटीत बसवलं. बाहुली बोलली आणि मीही डोळे पुसले होते. हे मुद्दाम लिहितो आहे, कारण पुढे मी जे केलं ते न कळून केलं असं मला म्हणता येणार नाही.

माझं काम कारखान्यांतल्या यंत्रांच्या कंट्रोल सिस्टिमचं. मोटारींच्या प्लांटमधली कामं कमी झाली तेव्हा आमच्या कंपनीने दुसरीकडे हात मारायला सुरुवात केली आणि नेमकं त्याच बोट राइडच्या नूतनीकरणाचं काम आम्हाला मिळालं. कालव्यातलं पाणी काढलं, तर तळाशी शेवाळ, चष्मे, लहान मुलांचे बूट. लाकडी काठ कुजलेले. बाहुल्यांचे हात हवेच्या नळ्यांवर हलत, त्या नळ्या चिरलेल्या. आवाजाच्या कपाटात कुणीतरी पेनाने लिहिलेली चिठ्ठी होती, ‘इंडिया लेडी’. मी काकूंना फोन करून ते सांगितलं. त्या केवढ्या हरखल्या! “म्हणजे माझी बाहुली आता तुझ्या हातात. नीट कर रे बाबा तिला.”

टेस्टिंगच्या दिवसांत ती बाहुली दिवसातून पन्नास वेळा बोलायची. माझ्या टीममधल्या पोरांना तिचं ‘या, या’ भारी विनोदी वाटायचं. कोरड्या कालव्यातून चालताना एक जण ‘या, या’ ओरडायचा, दुसरा तिकडून ‘या, या’ करून उत्तर द्यायचा. मीही हसायचो. एकदा तर त्यांनी विचारलं म्हणून मान हलवून, आवाज काढून, मीच नक्कल करून दाखवली. सगळ्यात जास्त हशा मला मिळाला.

मग डिझाइनची मीटिंग झाली. डिझाइन हेड मेगन नावाची बाई होती, शांत आणि नीट ऐकून घेणारी. जुने देखावे कुणाला अपमानकारक वाटू नयेत म्हणून ती एकेक तपासत होती. भारताचा देखावा आला तेव्हा ती माझ्याकडे वळली. “ही काय म्हणते? आपण ठेवावं का? तू सांगशील तसं करू.”

एवढंच म्हणायचं होतं, की ती पाहुण्यांना पाणी विचारते आहे आणि तो आवाज ज्यांचा आहे त्या मला ओळखतात. पण टेबलाभोवती तीच नक्कल करणारी पोरं बसली होती. मला वाटलं, आता हा आवाज माझ्या घरातला आहे असं म्हटलं, तर मीही त्या विहिरीपाशी उभा राहीन. मी म्हणालो, “रीजनल भाषा आहे. बहुतेक भारतीयांनाही कळणार नाही. आणि उच्चार जरा घरगुती, जुनाट आहे.” मेगनने विचारलं, “मग म्युझिक टाकू?” मी म्हटलं, “म्युझिक बेटर.” तिने वहीत काहीतरी लिहिलं आणि आम्ही चीनच्या देखाव्याकडे वळलो. दोन मिनिटंसुद्धा लागली नसतील.

त्यानंतर काकूंचा फोन आला, की पहिला प्रश्न ठरलेला असे. “माझी बाहुली काय म्हणते?” मी म्हणायचो, “नवे कपडे शिवलेत तिला.” किंवा, “मान आता झकास वळते.” प्रत्येक वाक्य खरं असायचं. एकदा फोन ठेवल्यावर स्वाती म्हणाली, “तू त्यांना सांगत का नाहीस?” मी म्हटलं, “सांगतो गं.”

राइड सुरू होण्याआधी काम करणाऱ्यांच्या घरच्यांसाठी एक दिवस ठेवला होता. त्या दिवशी न्यायचं वचन काकूंनी आधीच माझ्याकडून काढून घेतलं होतं. मीच गाडी चालवत होतो. मधे रेस्ट एरियात थांबलो तेव्हा ठरवलं होतं, इथे सांगायचं. काकू डबा उघडत म्हणाल्या, “आधी खाऊन घे.” मी खाल्लं.

बोट छान चालत होती. उंट मागे पडले आणि काकूंनी हात वर केला. आमच्या बोटीत ओहायोकडचं एक अनोळखी जोडपं होतं, तेही बिचारे गप्प झाले. वळण आलं. सतार, तबला, जांभळा-केशरी प्रकाश. घागरा घातलेली बाहुली डौलात मान वळवत होती. बोट पुढे गेली. काकूंचा हात वरच होता. मग तो हळूहळू कानामागच्या ऐकायच्या मशीनकडे गेला.

“अरे, मशीनला काय झालं?”

“नवे पंप आहेत ना काकू, पाण्याचा आवाज फार आहे.”

“तुला ऐकू आलं?”

“आलं की,” मी म्हणालो.

त्यांनी पुन्हा बसायचं म्हटलं. दुसऱ्या फेरीत उंटांपाशीच त्यांनी मशीन काढलं, पदराने पुसलं, पुन्हा बसवलं आणि कान त्या बाजूला करून बसल्या. बाहुली जवळ आली, गेली. परतीच्या वाटेवर फक्त एकदा म्हणाल्या, “वय झालं आता.”

पुढच्या आठवड्यात त्यांनी ऑडिओलॉजिस्टची अपॉइंटमेंट घेतली. तिथे पार्किंग सापडत नाही म्हणून मला विचारलं. मी अर्धा दिवस सुट्टी टाकून त्यांना घेऊन गेलो. तासभर बाहेर बसून होतो. तपासणारी बाई काकूंबरोबर दारापर्यंत आली आणि म्हणाली, काही बदल नाही, कान गेल्या वर्षीसारखेच आहेत, मशीनही उत्तम आहे.

गाडीत बसल्यावर काकूंनी बेल्ट लावला नाही. समोर बघत म्हणाल्या, “म्हणजे तिथे आवाजच नव्हता.”

“नव्हता.”

“कोणी काढला?”

मी सगळं सांगितलं. मीटिंग, माझी वाक्यं. नक्कलसुद्धा सांगितली. त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, “आवाज काय, आज ना उद्या जाणारच होता. पण तू मला कान तपासायला आणलंस रे.”

मी त्यांना घरी सोडलं. दारात त्या म्हणाल्या, “सावकाश जा.” नेहमी म्हणायच्या तशाच.

मी मेगनला जाऊन खरं सांगितलं. तिने डोळे मिटले. “तू तेव्हा बोलला असतास, तर आपण तिथे त्यांच्या नावाची पाटी लावली असती.” जुनं कपाट भंगारात गेलं होतं, त्याबरोबर मूळ रेकॉर्डिंगही. पण नवं पाठवलंत तर बघू, म्हणाली. मी माइक घेऊन काकूंकडे गेलो. जाण्यापूर्वी पहिल्यांदाच ‘येऊ का?’ असं विचारायची हिंमत झाली नाही, सरळ जाऊन बेल वाजवली. त्यांनी चहा केला, पण माइककडे बघून मान हलवली.

“नाही रे. तेव्हा मी एकोणतीस वर्षांची होते. दोन वर्षांत आमच्या दाराशी आपलं एक माणूस आलं नव्हतं. त्या खोलीत माइकपुढे उभी राहिले आणि वाटलं, कुणीतरी आलंय. ते आता कुठून आणू? आता तुम्ही सगळे येता की.”

त्यानंतर त्यांनी कुणाला पार्कात नेलं नाही. विचारलं तर गुडघ्याचं कारण सांगायच्या. माझ्याशी वागण्यात काही फरक पडला नाही, फक्त माझ्या कामाबद्दल त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही. दीड वर्षाने नीता त्यांना अ‍ॅरिझोनाला घेऊन गेली. खोके मीच भरले.

गेल्या हिवाळ्यात काकू गेल्या. मंडळाने ऑनलाइन शोकसभा ठेवली. जो तो बोटीचीच आठवण सांगत होता. शेवटी अध्यक्ष म्हणाले, “काकू गेल्या तरी त्यांचा आवाज तिथे आहे. या उन्हाळ्यात सगळे मिळून ऐकायला जाऊ. मंदार, तू तिथे काम केलंयस, तूच ऑर्गनाइझ कर.” पडद्यावर चाळीसेक चौकोन होते. इतक्या वर्षांत काकूंनी एकालाही सांगितलं नव्हतं, हे मला तेव्हा कळलं. मी म्यूट काढला आणि म्हणालो, “आवाज तिथे नाही. तो माझ्या सांगण्यावरून काढला.” आणखी दोन-तीन वाक्यं बोललो. मग एका बाईंनी काकूंच्या लायब्ररीतल्या दिवसांबद्दल बोलायला सुरुवात केली.

संध्याकाळी नीताचा फोन आला. ती रागावलेली नव्हती. तिचं मराठी थोडं अडखळतं आहे, ती शब्द शोधत बोलत होती. “आईने मला सांगितलं होतं, टेप जुनी झाली, खराब झाली, म्हणून त्यांनी काढली. मी विचारलं होतं, मंदार काही करू शकत नाही का? ती म्हणाली, त्याने खूप ट्राय केलं.”

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“मी सगळा दिवस तोच विचार करतेय,” नीता म्हणाली. “आई माझ्याशी खोटं कधी बोलली नव्हती.”