डोळ्याचं कुत्रं, नाकाचं कुत्रं

चष्मेवाल्याचा सगळा जन्म एकच प्रश्न विचारण्यात गेला. गिऱ्हाईकाच्या नाकावर ती जड चौकट ठेवायची, एक काच सरकवायची, मग दुसरी. "हे बरं की हे?" समोरचा म्हणाला, "दोन्ही सारखंच दिसतंय हो," की ह्याचं डोकं फिरे. "सारखं कसं असेल? डोळे उघडे ठेवून सांगा!"

गल्ल्यावर बसलेली बायको गालातल्या गालात हसे. कारण घरी हाच माणूस दोन शर्टांतला एक निवडता निवडता चहाचं गार पाणी करायचा.

लहानपणापासून त्याला कुत्रं पाळायचं होतं. आधी वडील नको म्हणाले, मग जागा नव्हती, मग बायकोला केसांचा वैताग. साठी उलटल्यावर ती एकदाची हो म्हणाली. "पण एकच. आणि आज जाऊन आजच ठरवायचं. उद्यावर गेलं, तर हा विषय ह्या घरात कायमचा बंद."

दोघं गेली ती एका जुन्या गिऱ्हाईकाकडे. त्याला सगळे शिकारी म्हणत. शिकार केव्हाच सुटली होती, कुत्री तेवढी उरली होती. तीही अशा दोन जातींची, की पाळणारी घरं शोधून सापडायची नाहीत. पत्र्याच्या शेडमधून त्याने दोन पिल्लं अंगणात सोडली.

"हे उंच आहे ना, ते डोळ्याचं कुत्रं. सावज दिसलं की सुटलं. आणि हे लांब कानांचं, ते नाकाचं. ह्याने एकदा वास धरला की जग बुडालं तरी सोडायचं नाही. एकासाठी संध्याकाळी दुसरे गृहस्थ येतायत. पण आधी तुम्ही निवडा, उरेल ते त्यांचं."

चष्मेवाल्याचा जीव अर्थात पहिल्यावर. डोळ्यांवर पोट भरणाऱ्याने नाकाचं कुत्रं न्यायचं? त्याने उंच पिल्लापुढे बोट डावीकडून उजवीकडे फिरवलं. पिल्लाची नजर हलली, मान नाही. "वा! ह्याला चष्मा नको!" तेवढ्यात दुसऱ्याने त्याच्या बुटावर हनुवटी टेकली आणि एक मोठा सुस्कारा सोडला. त्याची कातडी एक माप मोठी शिवल्यासारखी सगळीकडून लोंबत होती. गडी पाघळला.

झालं. तळ्यात की मळ्यात सुरू. हे उचल, ते ठेव. ऊन भिंतीवर चढलं. शेवटी बाकावरून बायकोने विचारलं, "अहो, हे बरं की हे?"

"दोन्ही सारखीच वाटतात गं."

"सारखी कशी असतील? डोळे उघडे ठेवून सांगा!"

शिकाऱ्याला हसता हसता ठसका लागला. चष्मेवाला कानकोंडा झाला.

"राहू दे, चला घरी," म्हणत ती उठली आणि तिथेच थबकली. "माझा चष्मा?"

हे रोजचंच होतं. चष्मेवाल्याची बायको, आणि चष्मा उठल्याबसल्या हरवायचा. डोकं, गळा, पिशवी, सगळं चाचपून झालं. तिघंही वाकून गवत धुंडाळू लागली. डोळ्याच्या कुत्र्याला कुंपणावर चिमणी दिसली आणि ते बाणासारखं गेलं. नाकाचं मात्र सावकाश उठलं, बाईंच्या तळव्याचा वास घेतला आणि नाक जमिनीला लावून डुलत डुलत निघालं. मघाशी तिने हात-तोंड धुतलं त्या नळापाशी थांबलं, तिथून वळून, ती तोंड पुसत टेकली होती त्या लाकडांच्या ढिगामागे दिसेनासं झालं. आलं ते तोंडात चष्मा घेऊन. एक काडी चावलेली.

"शहाणं गं माझं ते!" केसांचा वैताग असणाऱ्या बाईने त्याला चक्क मांडीवर घेतलं.

चष्मेवाल्याने पुन्हा कुंपणाकडे पाहिलं. "पण त्याची नजर बघ..."

"हातचं सोडून पळत्याच्या मागे कशाला? नजर बघायला तुम्ही आहात की घरात. पण ठरवायचं तुम्हीच. बोला."

तिच्या नाकावर तो चष्मा वाकडा बसला होता. ते पिल्लू त्या काडीकडे पुन्हा आशेने बघत होतं. चष्मेवाल्याला हसू फुटलं.

"हे," तो म्हणाला. "हेच बरं."

आता ते दुकानात काउंटरखाली झोपतं. चष्मा अजून हरवतो आणि लगेच सापडतो, दरवेळी एका काडीवर दात उमटवून. चष्मेवाला मुकाट काड्या बदलतो. एखादं गिऱ्हाईक "दोन्ही सारखंच" म्हणालं, तर हल्ली तो ओरडत नाही. "बसा निवांत," म्हणतो, "कुत्र्याशी खेळा जरा."

गल्ल्यावरून आवाज येतो, "पण आजच ठरवा हं!"