काळूशेठने ब्राउझर पारखला

...तर काल आपण हर्षितच्या मोबाइलच्या दुकानात होतो. काळूशेठने काउंटरवर हात पुढे केला, त्यावर खांद्यावरचा टॉवेल टाकला, आणि नेमका तिथे चहा आला म्हणून गोष्ट राहिली. काल जे नव्हते त्यांच्यासाठी जरा मागे जातो, बाकीच्यांनी तोवर बिस्किटं संपवावीत.

काळूशेठ म्हणजे काळुराम भगत, कल्याण-शीळ रस्त्यालगतच्या गावचा मूळ भूमिपुत्र. आज मी डोंबिवलीत ज्या इमारतीत राहतो ती उभी आहे तिथे पूर्वी ह्याचं भाताचं खाचर होतं. अजून सकाळी भेटला की विचारतो, "काय विश्राम, माज्या खाचरान झोप लागली का?" मी म्हणतो, लागली, फक्त रात्रभर बेडूक ओरडत होते. मग दोघं हसतो. वर्षानुवर्षं हाच विनोद चाललाय, आणि दोघांनाही अजून पुरतो.

जमीन गेली, बंगला झाला, दारात गाडी आली, पण ह्या माणसाचं खरं नाव होतं बैलांच्या पारखीत. मुरबाडकडे म्हसाच्या जत्रेत कुणाला बैल घ्यायचा असला की ह्याला सोबत नेत. तोंडाकडे बघायचा नाही, शिंगांकडे बघायचा नाही. चालवा म्हणायचा, आणि उकिडवा बसून नुसते पाय बघायचा. "मागचा उजवा आखडतोय, नको." झालं! विकणारा शिव्या घालायचा, घेणारा वाचायचा.

बैल गेले तशी ती नजर रिकामी पडली. मग नात मोठी झाली, कल्पिता. कबड्डी खेळते, चढाईला जाते तेव्हा वीज. काळूशेठ तिचा एकही सामना सोडायचा नाही. मैदानाच्या कडेला उकिडवा बसून पाय बघायचा, आणि सामना संपला की तिला एकच गोष्ट सांगायचा. "वळताना उजव्यावर जास्त भार देतेस." एवढंच. पोरीला प्रशिक्षक आहे, शिट्टी आहे, सगळं आहे, पण आजोबांचं ते एक वाक्य ऐकल्याशिवाय ती पाणीसुद्धा पीत नाही. हे मी अतिशयोक्तीने सांगत नाही. बाटली हातात धरून उभी राहिलेली मी पाहिली आहे.

आता घोळ असा झाला की काळूशेठच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, आणि नेमकी तेव्हाच कल्पिताच्या संघाची स्पर्धा सांगलीला लागली. डॉक्टरने लांबचा प्रवास बंद केलेला. मुलगा महेंद्र आणि सून जागृती पोरीबरोबर गेले. रविवारी सकाळी उपांत्य सामना, संध्याकाळी अंतिम. निघताना पोर म्हणाली, "आजोबा, फोनवर लाइव्ह दाखवणारेत. मधल्या वेळात मी फोन करीन. तुम्ही सांगायचं."

म्हणजे बघायला तर हवंच. आणि काळूशेठच्या फोनवर त्या स्पर्धेचं पान उघडेना. नुसतं चाक फिरायचं. घरात भिंतीएवढा टीव्ही आहे, पण रस्ता खणताना कुणीतरी वायफायची वायर तोडली होती, त्यामुळे सगळी भिस्त फोनवर. जागृतीने फोनवरून सांगितलं, "बाबा, ब्राउझर बदलून बघा."

"म्हंजे काय बदलू?"

"ज्याच्यातून पान उघडतं ते."

काळूशेठने माझ्याकडे पाहिलं. मी सातवीपर्यंत शाळेत गेलेला माणूस, वर्तमानपत्र रोज वाचतो, तेव्हा मला माहीत असणारच असं त्याला वाटतं. मी म्हटलं, ब्राउझर म्हणजे इंटरनेटच. जागृती पलीकडून म्हणाली, नाही काका, इंटरनेट म्हणजे रस्ता, ब्राउझर म्हणजे गाडी. काळूशेठ म्हणाला, रस्ता एकच ना? जायचं एकाच ठिकाणी ना? मग चार गाड्या कशाला? ह्यावर जागृतीने जे सांगितलं ते आम्हा दोघांना कळलं नाही, पण आम्ही "हो हो" म्हटलं. सुनेला किती वेळ उभं करायचं!

म्हणून शनिवारी आम्ही रिक्षा करून हर्षितच्या दुकानात गेलो.

हर्षितने धडाधड नावं सांगितली. हा सेफ आहे, हा फास्ट आहे, हा लाइट आहे, ह्याच्यात जाहिराती कमी येतात. "पण काका, बेस्ट विचाराल तर ज्याची-त्याची चॉइस." काळूशेठने सगळी ऐकून घेतली. मग त्याने हात पुढे केला आणि टॉवेल टाकला.

हर्षित भांबावला. त्याला वाटलं, शेठचा हात भाजलाय. मला मात्र हसू आवरेना. जत्रेत बैलाचा भाव तोंडाने सांगत नाहीत, कापडाखाली एकमेकांची बोटं धरून ठरवतात. मी हर्षितला म्हटलं, अरे, तो भाव विचारतोय, बोटं धर.

"काका, फुकट आहे. सगळेच फुकट."

काळूशेठने टॉवेल परत खांद्यावर घेतला. "फुकाट? मंग खोड काय हाय त्याच्यान?"

"खोड नाही हो काका."

"फुकाट बैल कोन देतो रे? बरं, याला वैरन कोन घालतं?"

हर्षितने डोकं खाजवलं. म्हणाला, कंपन्या घालतात, जाहिरातवाले घालतात. काळूशेठला ते लगेच पटलं, कारण एकदा त्याने गुडघ्याचं काहीतरी शोधलं होतं तेव्हापासून फोनमध्ये गुडघ्याचे पट्टेच पट्टे दिसत होते. "त्येच बोलतो मी! माज्या घरची गोष्ट यो बाहेर जाऊन बोलतो." खोड सापडली म्हणून तो खूश झाला, पण निवडायचा कुठला ते तसंच राहिलं. शेवटी फोनबरोबर आलेला एक होताच, त्यात हर्षितकडून आणखी दोन भरून घेतले. त्यांची खरी नावं माझ्या जिभेवर टिकत नाहीत. काळूशेठने रिक्षातच त्यांचं बारसं केलं: रंगीबेरंगी खूण होती तो चित्र्या, लाल खुणेचा तांबडा, आणि पांढऱ्या खुणेचा, सगळ्यात लहान, तो ढवळा.

घरी आल्यावर शर्यत लावली. म्हणजे एकाच पानाचा पत्ता तिघांत घातला आणि एकापाठोपाठ एक सोडले. चित्र्याने आधी गुडघ्याचा पट्टा दाखवला. तांबडा दर दहा पावलांवर थांबून परवानगी मागायचा, हे चालेल का, ते चालेल का. शेवंताबाई, म्हणजे काळूशेठची बायको, म्हणाली, "हा तुमच्यासारखा नाही. विचारतो तरी." ढवळ्याने पान झटकन उघडलं, पण त्यातली चित्रं कुठे गेली कोण जाणे, नुसते चौकोन. मी म्हटलं तांबडा घे, शेवंताबाई म्हणाली चित्र्या घरचा आहे. काळूशेठ म्हणाला, कोरड्या रानात सगळेच पळतात, चिखलात बघू. म्हणून फोन घेऊन आम्ही गोठ्यामागे गेलो, तिथे रेंज येत नाही. तिथे अर्थातच कुणीच पळालं नाही. फोन मात्र तव्यासारखा तापला. शेवंताबाईने तो पंख्याखाली पालथा ठेवला आणि आम्हाला म्हणाली, "तुम्ही दोघंपण असेच पालथे पडा जरा."

रविवारी सकाळी सामना सुरू व्हायची वेळ झाली तरी ठरलेलं नव्हतं. शेवटी जो आधी दाखवील तो, असं म्हणून काळूशेठने पुन्हा तिघांनाही सोडलं. ढवळ्यात आवाज आला, मग चित्र आलं. आम्ही टाळ्या वाजवल्या. पण ते चित्र चालायचं चार पावलं आणि अडायचं. आवाज पुढे, चित्र मागे. पंच गुण देऊन मोकळे व्हायचे, आणि इकडे पोर अजून मध्यरेषेवरच. मी तर एका चढाईत दोनदा ओरडलो.

शेवटच्या मिनिटाला कल्पिता चढाईला गेली, पाय टाकला, आणि ढवळा अडला तो अडलाच. चित्रात ती तशीच हवेत. मग आवाजही गेला. मी फोन थोपटला, मग देवाला हाका मारायला लागलो. शेवंताबाई म्हणाली, देवाला तरी सोडा आता. काळूशेठ मात्र फोन डोळ्यांजवळ धरून नुसता बघत बसला. मला वाटलं, रडतोय. मी म्हटलं, अरे, जाऊ दे, निकाल कळेलच.

"गप ऱ्हा," तो म्हणाला. कितीतरी वेळ तसाच बघत होता.

मग महेंद्रचा फोन आला. जिंकलो, पण थोडक्यात. कल्पिता शेवटच्या चढाईत पकडली गेली. आणि लगेच पोरीचा आवाज, धापा टाकत. "आजोबा, बघितलंत? माझं काय चुकलं?"

मी मनात म्हटलं, आता हा काय सांगणार? काळूशेठ म्हणाला, "पाय टाकतेस त्याच्या आदी तुजी डावी टाच उचलते. कोपऱ्यातली पोरगी तुज्या डोल्याकरं बगतच नाय, टाचंकरं बगते."

 पलीकडून पाणी प्यायल्याचा आवाज आला. मी शपथेवर सांगतो, आला.

फोन ठेवायच्या आधी महेंद्रने विचारलं, कसं दिसत होतं. आम्ही तिन्ही जनावरांची हकीकत सांगितली. तो ओरडलाच, "बाबा! तिन्ही चालूच ठेवलेत? अहो, बाकीचे दोन बंद करा आधी, तेपण तोच सामना ओढत होते!" आम्ही एकमेकांकडे पाहिलं. शर्यत संपेपर्यंत जू कोण सोडतं? आमच्या ते डोक्यातच आलं नव्हतं. म्हणजे तिघं एकाच अरुंद वाटेवर खांद्याला खांदा लावून ढकलाढकली करत होते. मग त्यांच्यात वाईट कोण होता? चांगला कोण होता? महेंद्रला विचारलं तर तो म्हणाला, "आता सोडा ना बाबा, चाललंय त्यातच बघा."

संध्याकाळी चित्र्या आणि तांबडा सोडून दिले, एकटा ढवळा ठेवला. आणि काय सांगू तुम्हाला! लोणी. एकदाही अडला नाही. पोरीच्या कपाळावरची टिकलीसुद्धा दिसत होती. काळूशेठ फोनसमोर वाकून बसला, गुडघा दुखत होता तरी. मी ओरडत होतो, शेवंताबाई पदर तोंडावर धरून होती, हा मात्र फोनवरची नजर हलवेना. एका गुणाने हरलो. शेवटची चढाई कल्पिताचीच होती. एक गुण घेऊन परत आली, पण दोन हवे होते. मला वाटलं ह्या वेळी टाच जमिनीला होती, पण मला टाचेतलं काय कळतं? मी बैल पारखलेला नाही.

पोरीचा फोन आला. चषकाचं बोलली नाही, रडलीही नाही. "आजोबा, टाच उचलली का मी?"

काळूशेठ टॉवेलची घडी घालत बसला. तिला वाटलं, पुन्हा घोळ झाला. "दिसलं नाही का? परत अडला? तरी मी आईला म्हटलेलं, आजोबांना एक धड ब्राउझर लावून दे. आता खरं सांगा, कुठला बरा आहे त्यातला? पुढच्या वेळी तोच ठेवू."

काळूशेठने फोन दोन्ही हातांत धरला आणि म्हणाला, "अडतो त्यो बरा, पोरी. आता यो नीट धावला न मी तुजा तोंडच बगत ऱ्हायलो, पाय बगाचा ऱ्हावूनच गेला."