डावरीची कात्री

दुकानात तिला सगळे डावरी म्हणत. तिचं खरं नाव हजेरीच्या वहीत होतं आणि तिथेच पडून होतं. अठ्ठावीस वर्षं ती कापणीच्या टेबलाशी उभी राहून कोट बेतत होती, तेही डाव्या हाताने. त्यासाठी तिची खास डाव्या हाताची कात्री होती, वीतभर पात्यांची, चांगली जड. उजव्या हाताच्या माणसाने ती धरली तर कापड पात्यांत नुसतं चघळलं जाई. त्यामुळे कात्री कुणी पळवील ही धास्ती तिला कधीच नव्हती. टेबल मात्र कुणीही पळवू शकलं असतं.

त्या टेबलाचा एक रिवाज होता. मास्तर येता-जाता विचारत, "हात दुखतोय का?" जो हो म्हणेल, तो दुसऱ्या दिवशी बटणं लावायला बसे. डावरी दर वेळी म्हणे, "छे! हात कशाला दुखेल?"

मग बोटांना मुंग्या यायला लागल्या. अंगठा आणि शेजारची दोन बोटं इतकी बधिर, की टाचणी टोचली तरी रक्त दिसल्यावरच कळे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मनगटातली नस दाबली गेलीय, लहानशी शस्त्रक्रिया करून मोकळी करू. मग तिचं मनगट वाकवून त्यांनी विचारलं, "इथे सांध्यात दुखतं का?"

जीव कळवळला. पण तोंडातून आलं, "छे!"

शेजारी लेक बसली होती. ती पुटपुटली, "आई, बरणीचं झाकण रोज कुणाकडून उघडून घेतेस गं?"

"तू गप्प बस."

"मग दोन महिन्यांत कामाला लागाल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. डावरीने तेच मास्तरांना सांगितलं. मास्तर म्हणाले, "बरं. दोन महिने टेबल तुमचं."

शस्त्रक्रियेनंतर मुंग्या खरंच गेल्या. तिसऱ्या आठवड्यात तिने चादरीवरून बोट फिरवलं, तर वीण बोटाला लागली. कित्येक दिवसांनी! मग ती घरभर हात लावत हिंडली. भिंत, नळ, लेकीची वेणी.

"आंधळी झालीस की काय?" लेक हसली.

दोन महिन्यांनी मास्तरांनी तिच्यापुढे जाड लोकरी कापड पसरलं. हात फिरवताच तिला धागा न् धागा कळला. तिने खडूची रेघ धरून कात्री चालवली. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा मनगटात अशी कळ उठली, की पातं रेघ सोडून बोटभर आत गेलं. कोटाचा खांदाच कापला. मास्तर कोटाकडे बघत राहिले, तिच्याकडे नाही.

यावेळी डॉक्टरीणबाईंनी सांध्याचा फोटो काढला. "नस छान सुटलीय. पण सांधा झिजलाय, तो आधीपासूनच. मुंग्यांच्या नादात तुम्हाला दुखणं कमी जाणवलं असेल. पण मी विचारलं होतं ना?"

"सांगितलं असतं तर शस्त्रक्रिया केली नसती?"

"केली असती. पण दोन महिन्यांत कात्री चालवाल, असं म्हटलं नसतं."

आता डावरी बटणांच्या बाकावर बसते. "तुमची बोटं आता चांगली चालतात," मास्तर म्हणाले, "आणि बटणांना बोटंच लागतात." त्यांना वाटतं, हे बोलून त्यांनी तिचं मन राखलं.

टेबलावर नवा कापणारा आलाय, तरणाबांड. पहिल्याच दिवशी तो तिची कात्री बाकावर आदळून गेला. "ही कापत नाही हो. गंजली वाटतं."

"तिला काही झालेलं नाही. तुझाच हात उलटा आहे."

परवा मास्तर टेबलापाशी थांबले. "हात दुखतोय का?"

"छे!" तो म्हणाला. मास्तर पुढे गेले, बाकावरच्यांना न विचारता. त्यांची पाठ वळताच त्याने टेबलाखाली मनगट चोळलं.

डावरीने ते पाहिलं. दोरा दाताने तोडत ती म्हणाली, "अरे, इथे काय बोलायचं ते बोल. डॉक्टरकडे तेवढं खरं सांग."

"मला काय झालंय, मावशी?" तो हसला आणि त्याने कात्री उचलली.