कारहुणवीला रंगवलेले क्विकड्रॉ

बंगळूरहून मुलीचा फोन आला की पुढच्या महिन्यात यादगीरच्या बाजूला खडकावर चढायला जायचंय, यावेळी सगळ्यांच्या पुढे तीच चढणार आहे, आणि तिला बाबांचे क्विकड्रॉ हवेत. नवे घे, पैसे मी देते, असं मी म्हणाले. ती म्हणाली, नवे नकोत. पुढे बोलण्यात अर्थ नव्हता. हट्ट दोन्ही घरांकडून आलाय तिच्यात.

क्विकड्रॉ म्हणजे फार काही नाही. दोन कड्या आणि त्यांना जोडणारा एक कापडी पट्टा. वरची कडी खडकातल्या आधाराला अडकवायची, खालच्या कडीत आपला दोर टाकायचा. पाय निसटला तर त्यावर माणूस लटकतो, नाहीतर खाली येतो. पण या एवढ्याशा वस्तूपायी माझ्या नवऱ्याने दुकानदारांना रडकुंडीला आणलेलं मी पाहिलंय. मी साडीसुद्धा दहा मिनिटांत घेते. हा एकेक कडी कानाजवळ नेऊन तिचं फाटक, म्हणजे दाबली की उघडणारी बाजू, उघडून मिटून बघायचा. जिथे खडकात बोल्ट ठोकलेले असतात तिथे आखूड, जाड, ताठ पट्ट्याचे घ्यायचे, पटकन हातात येतात. जिथे बोल्ट नसतात, आपणच भेगेत आधार बसवत जायचं असतं, तिथे लांब, मऊ पट्ट्याचे. दोर वाकडातिकडा गेला की आखूड पट्टा आधाराला हिसका देतो आणि बसवलेला आधार भेगेतून उपसून येतो. हे त्याने मला लग्नानंतर पहिल्याच वर्षी शिकवलं. दुसरे नवरे बायकांना काय शिकवतात कोण जाणे.

आम्ही दोघेही चिटगुप्प्यात मास्तरकी करायचो. सुट्टी लागली की पाठीवर पिशव्या टाकून निघायचो. तो चढायचा, मी खाली दोर धरायचे. मीही चढायचे, पण माझा जीव धरण्यातच जास्त रमायचा. वर तो काय करतोय हे दोरातून हाताला कळतं. तो घाबरला तरी कळायचं, आणि तो घाबरलाय हे मला कळलंय, हे त्यालाही कळायचं.

तो खडकावरून पडला नाही. साथीच्या दिवसांत ताप आला, दम लागला, कलबुर्गीच्या दवाखान्यात आत नेला आणि तो परत आलाच नाही. आम्हाला दारातच थांबवलं होतं. त्याचे कपडे, घड्याळ, चष्मा, काही मिळालं नाही. इतर घरांत माणूस गेला की त्याचे कपडे कुणाला तरी द्यावे लागतात, आमच्याकडे द्यायलाही काही उरलं नव्हतं. घरी फक्त त्याची क्विकड्रॉची पिशवी होती. तेव्हा हुलसूरहून सासरे आले होते. जाताना ते पिशवीकडे बघून म्हणाले, एवढं तरी माझ्याकडं राहू दे. मी दिली. खरं सांगायचं तर डोळ्यांसमोरून गेल्याचं बरंच वाटलं मला.

मुलगी आल्यावर आम्ही दोघी हुलसूरला गेलो. मी वाटेतच सगळं मनात ठरवलं होतं. पिशवी जमिनीवर ओतायची, आखूड एका बाजूला, लांब एका बाजूला, मग एकेक पट्टा बोटांखालून काढायचा. कापडाला वय असतं. वापरलं नाही तरी ते म्हातारं होतं. लोखंड-पितळेसारखं ते थांबून राहत नाही. जे बाद होईल ते बाद, असं मी तिला बजावलं होतं. मुलगी खिडकीतून बाहेर बघत बसली होती.

अप्पांनी, म्हणजे सासऱ्यांनी, चहा होईपर्यंतही धीर धरला नाही. आतून पिशवी आणली आणि स्वतःच्या हाताने एकेक क्विकड्रॉ काढून घोंगडीवर मांडला.

मला आधी कळेचना की मी काय बघतेय. सगळ्या कड्या लाल आणि हिरव्या होत्या. चकाकत होत्या. पट्टे तेलाने काळपट झालेले, त्यांवरही रंगाचे ओघळ. आणि प्रत्येकाच्या टोकाला एक गोंडा.

ज्येष्ठातल्या पौर्णिमेला आमच्याकडे कारहुणवी असते, बैलांचा सण. बैल धुतात, शिंगं रंगवतात, नवी वेसण, नवी म्होरकी, नवं दावं, गोंडे. अप्पा दरवर्षी बैलांचं झालं की उरलेला रंग घेऊन बसत होते. मुलाची पिशवी उघडत होते.

"बैलाचं झालं की हे बी काढतो," ते म्हणाले. "पुसतो, तेल देतो, कडक पडू नये म्हणून. रंग लावतो. पोरगं हौशी होतं. चांगले हायत न्हवं? चालतील न्हवं पोरीला?"

मुलीने माझ्याकडे पाहिलं. तिलाही माहीत होतं. शिंगांचा तो रंग पट्ट्याला लागला की आतला धागा कितपत राहिला हे डोळ्यांना दिसत नाही, आणि जे दिसत नाही त्यावर माणूस लटकवायचा नसतो. तिच्या बापानेच घालून दिलेला नियम. मला क्षणभर अप्पांचा भयंकर राग आला. त्याचं एवढंच राहिलं होतं आणि त्यालाही यांनी हात लावला. लगेच त्या रागाची लाजही वाटली, कारण इतकी वर्षं मी त्या पिशवीची साधी चौकशी केली नव्हती, आणि हा म्हातारा वर्षातून एकदा तिला न्हाऊमाखू घालत होता.

मुलगी एक लांब पट्टा हातात घेऊन म्हणाली, एकच नेते, नुसता जवळ ठेवते. मी तिला ओळखते. वर भेगेत अडकल्यावर, हातात दुसरं काही नसलं, की ती तो लावणार. मी तो तिच्या हातातून काढून घेतला.

बोलणं मला भाग होतं. शेवटी मी विचारलं, "अप्पा, कारहुणवीला बैलाला जुनं दावं परत घालता का?"

ते गोंडे कुरवाळत राहिले. "न्हाई," ते म्हणाले, "नवंच घालावं लागतंय." मग मान वर न करता विचारलं, "रंगानं नासले व्हय गं?"

"रंग लावला नसता तरी पट्टे टाकावेच लागले असते, अप्पा. जुने झाले होते."

यात खोटं काही नव्हतं. त्यांनी विश्वास ठेवला की नाही, सांगता येत नाही. ते स्वतःच कड्या पट्ट्यांतून काढायला लागले. मुलगीही शेजारी बसली. मग आम्ही तिघांनी मिळून कड्यांवरचा रंग काढला, फाटकं उघडून मिटून बघितली. ज्यांच्या बिजागरीत रंग घट्ट बसला होता त्या बाजूला ठेवल्या. बाकीच्या मोकळ्या चालत होत्या. त्यांना नवे पट्टे घालायचं ठरलं, आखूड आणि लांब, बाप घ्यायचा तसे. जुने पट्टे अप्पांनी घडी करून बंडीच्या खिशात घातले. एक गोंडा मात्र मुलीने मागून घेतला आणि तिथेच आपल्या पिशवीला बांधला.

आम्ही निघताना ते मुलीला म्हणाले, "खाली दोर कोण धरतंय?"

ती म्हणाली, मैत्रीण आहे एक, चांगली धरते.

"कामून? तुझी आई न्हाई जायलीय?"

मी सोडून दिलंय आता, असं मी म्हणाले. तो गेल्यापासून मी दोराला हात लावला नव्हता. अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. ते माझ्याशी कधी डोळ्याला डोळा देऊन बोलत नाहीत, त्या दिवशी बोलले.

"त्याच्या टायमाला धरायला कुनी नव्हतं. आपल्याला आत बी जाऊ दिले न्हाईत. तू जा, पोरी. तू धर तिला."

मी गेले. खडक उन्हाने तापायच्या आत मुलगी चढायला लागली. पहिली कडी अडकली, दोर आत गेला, तो आवाज मी किती वर्षांनी ऐकत होते. एका कडीच्या सांध्यात लाल रंगाची रेघ राहून गेली होती, ती खालूनही दिसत होती. पुढे मला काही दिसेनासं झालं. हातात दोर होता म्हणून डोळे पुसता येत नव्हते.

वरून मुलगी ओरडत होती, "आई, ढील दे. किती घट्ट धरलायस."

मला कळत होतं, पण हात ऐकत नव्हते. तिला पुन्हा ओरडावं लागलं.